जुन्या गाड्यांसाठी एक नळी राखून ठेवा : पेट्रोलियम मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री, मंत्रालयाचे सचिव आणि सरकारी तेल कंपन्यांचे विपणन अधिकारी

स. न. वि. वि.

पंपावर जाऊन आज पेट्रोल मागितले की ई२० मिळते, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. दुसरे काही मागायची सोय राहिलेली नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत ई२० सुरू झाले तेव्हा ते निवडक पंपांवरच होते, ज्याला हवे त्याने घ्यावे असा मामला होता. २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि दोन-अडीच वर्षांत निवड संपली. आमची तक्रार या निवड संपण्याबद्दल आहे, इथेनॉलबद्दल नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर कुणी तोंड उघडले की त्याला ऊस उत्पादकांच्या विरोधात उभे केले जाते. आमच्यातले कितीतरी जण ऊसपट्ट्यातलेच आहेत. कारखान्याची डिस्टिलरी चालली की बिल वेळेवर निघते हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो, घाटात इंजिन ठोकत नाही, हा फायदाही आम्ही नाकारत नाही. ज्या गाड्या या इंधनासाठी बनल्या आहेत त्यांनी ते खुशाल जाळावे. ज्या बनलेल्या नाहीत त्यांचे काय, एवढेच विचारतो आहोत.

या गाड्या कोणत्या? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढे झालेली प्रीमियर पद्मिनी. उत्तरपाड्याची अँबॅसेडर. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. महिंद्राची पेट्रोल जीप. कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. दुचाकीत जावा, येझदी, टू-स्ट्रोक चेतक, लॅम्ब्रेटा, लुना. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या, पण खासगी नोंदणीच्या पद्मिनी अजून घराघरांत आहेत, रविवारी बाहेर निघतात, गणपतीला गावी जातात. त्या सांभाळणारे मालक, त्यांचे इंजिन उघडणारे मिस्त्री, सुटे भाग शोधून आणणारे दुकानदार, अशा सगळ्यांच्या वतीने हे पत्र आहे.

आता मुद्द्यांवर येतो.

पहिला मुद्दा मिश्रणाचा. नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला की तो संगणकाला कळवतो, संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, हिशेब जुळतो. चालकाला पत्ताही लागत नाही. कार्ब्युरेटरला असा कान नाही. कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आत पितळेत पाडलेली ठरावीक मापाची भोके. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या मेन जेटवर, म्हणजे मुख्य भोकाच्या पितळी तुकड्यावर, ११५ कोरलेले असेल तर भोक १.१५ मिलिमीटरचे, आणि त्यातून जेवढे इंधन येते तेवढेच येणार, मग ते निव्वळ पेट्रोल असो की आणखी काही.

निव्वळ पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलला ९ ग्रॅम पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. ई२० चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन हवे, आणि भोक तर तेवढेच आहे. मिक्स्चर लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. गाडी सकाळी चोक सोडला की बंद पडते, गिअर बदलताना उचल घेत नाही, कार्ब्युरेटरमधून फट्ट असा आवाज येतो, चढणीला इंजिन लवकर तापते. प्लग काढून पाहिला तर बिस्किटी रंगाचा चिनीमातीचा भाग खडूसारखा पांढरा दिसतो.

यावर जेट बदला असे कुणी सुचवेल. बदलता येतो. ११५ च्या जागी १२० बसवला की भोकाचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, तेवढे पुरते. पण मेन जेट बदलून काम संपत नाही. आयडल जेट वेगळा, अ‍ॅक्सिलरेटर पंपाची मात्रा वेगळी, फ्लोटची (आत तरंगून इंधन रोखणाऱ्या तुकड्याची) पातळी पुन्हा बघावी लागते, टायमिंग एक-दोन अंशांनी जुळवावे लागते. शिवाय मोजमापाचे जेट पद्मिनीसाठी आज बाजारात मिळतात कुठे? मिस्त्री जुनाच जेट रीमरने मोठा करतो, आणि एकदा मोठे झालेले भोक परत लहान होत नाही. उद्या तुम्ही २० च्या पुढे गेलात, तशी चर्चा सुरू आहेच, की पुन्हा हेच.

इथे एक गोष्ट तुमच्या नजरेत आणून द्यावीशी वाटते. लीन चालणारी गाडी पीयूसीच्या यंत्रावर उत्तम पास होते. कार्बन मोनॉक्साइड कमी दिसतो. कागदावर गाडी सुधारली आणि आतून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आहे, असे होऊ शकते. जुन्या इंजिनांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक बऱ्याचदा थेट बिडातच कापलेली असते, कडक पोलादाची रिंग नसते. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा थर त्या बैठकीला सांभाळायचा. शिसे गेले, ते जायलाच हवे होते. आता त्यावर लीन मिश्रणाची वाढीव उष्णता आली की बैठक झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. याची खूण फसवी आहे : टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप कमी होत जातो, त्यामुळे टॅपेटची टकटक थांबते. मालकाला वाटते इंजिन शांत झाले. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झालेला असतो, आणि एक दिवस एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन जाते. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना आम्ही दर तीन हजार किलोमीटरला फीलर गेज घालून गॅप बघायला सांगतो आहोत. गॅप सारखा कमीच होत असेल तर हेड उतरवून कडक सीट बसवून घेणे एवढाच इलाज उरतो.

दुसरा मुद्दा रबर आणि धातूचा, आणि आमच्या मते हाच सगळ्यांत गंभीर, कारण तो फक्त खर्चाचा नाही, आगीचा आहे.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे लाकडाला पॉलिश मारणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. जुन्या गाड्यांच्या टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले बुचाचे फ्लोट याच लाखेने माखलेले असत. पेट्रोलने लाखेला काही होत नाही. अल्कोहोलने ती सुटते, बूच इंधन पिऊन जड होते, फ्लोट बुडतो आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. हे झाले फार जुन्या गाड्यांचे. पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळातल्या गाड्यांत गोष्ट मेकॅनिकल पंपाच्या डायफ्रामपाशी येते. इंजिनाच्या कुशीला बसवलेला हा पंप कॅमच्या धक्क्याने चालतो, आत डायफ्राम, म्हणजे कापडावर रबर चढवलेला लवचीक पडदा असतो. हे रबर फुगते, मऊ पडते, मग त्याला तडा जातो. पेट्रोल बाहेर सांडले तर निदान दिसते तरी. ते आतून इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरले तर ऑइल पातळ होते. डिपस्टिक काढून नाकाशी धरली की पेट्रोलचा वास येतो, ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसते. तशीच गाडी पुण्याहून साताऱ्याला नेली तर बेअरिंग गेलेच म्हणून समजा.

बाहेर सांडले तर काय होते तेही सांगतो. अँबॅसेडरच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, एक वर, एक खाली. फुगून सैल झालेला पाइप क्लिपमधून निसटला किंवा फ्लोटची नीडल अडकून ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल पडते ते तापलेल्या बिडावर. नव्या गाडीत टाकीपासून इंजेक्टरपर्यंत इथेनॉलसाठी तपासलेले प्लास्टिक आणि फ्लोरोइलास्टोमर रबर असते, आणि इंजिन बंद पडताच संगणक पंपही बंद करतो. इथे या दोन्हींपैकी काहीच नाही.

धातूंचेही तसेच. कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, फ्लोट पितळी पत्र्याचा आणि त्याचे सांधे डाखाचे, टाकीच्या पत्र्यावर आतून शिसे-कथलाचा मुलामा. इथेनॉलसोबत पाणी येते, मिश्रण वीजवाहक होते, आणि दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यावर गंज धरतो. फ्लोट चेंबर उघडला की तळाशी पांढरी भुकटी बसलेली सापडते, ती जेटमध्ये जाऊन अडकते. शिवाय इथेनॉल चांगले द्रावक आहे. तीस-चाळीस वर्षे टाकीच्या भिंतीला चिकटून बसलेला थर आणि गंज ते सोडवते. ई२० सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर वारंवार तुंबतो तो यामुळे. गळती थांबवायला कुणी टाकीत आतून लेप दिलेला असेल तर तो पापुद्र्यांनी सुटून येतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मंत्रालयाने खुलासा केला की जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, ते स्वस्त आहेत आणि सर्व्हिसिंगच्या वेळी सहज बदलता येतात. मंत्रिमहोदय, कोणते भाग? पद्मिनीच्या पंपाचे किट दुकानातून आणले तर त्याच्या पाकिटावर रबर कोणते आहे हे लिहिलेले नसते. साधे नायट्राइल की इथेनॉल सोसणारे, हे दुकानदाराला माहीत नाही, मिस्त्रीला नाही, आम्हालाही नाही. म्हणून आम्ही एकमेकांना घरगुती चाचणी सांगतो : नव्या पाइपाचा दोन इंचाचा तुकडा कापा, व्हर्नियरने बाहेरचा व्यास आणि लांबी मोजून लिहून ठेवा, काचेच्या बरणीत पंपावरचे पेट्रोल घालून तुकडा त्यात बुडवा, झाकण घट्ट लावून सावलीत, घराबाहेर, आठवडाभर ठेवा. मग काढून लगेच मोजा आणि नखाने दाबा. फुगला असेल, नख रुतत असेल, पेट्रोलला काळी झाक आली असेल तर तो पाइप गाडीला लावू नका. ज्या देशात भारतीय मानक ब्युरो आहे आणि पुण्यात वाहन संशोधनाची एआरएआय सारखी संस्था आहे, तिथे हे काम बरणीवर सोपवायची वेळ येऊ नये.

तिसरा मुद्दा पाण्याचा. नव्या गाडीची टाकी बंदिस्त असते, वाफ कोळशाच्या डब्यात जाते, बाहेरची हवा सहसा आत येत नाही. जुन्या गाडीच्या झाकणाला भोक असते. दिवसा टाकी तापली की वाफ बाहेर, रात्री थंड झाली की दमट हवा आत. कोकणात जून ते सप्टेंबर उभ्या राहिलेल्या गाडीत हे शंभरहून अधिक वेळा होते. इथेनॉल ते पाणी धरून ठेवते. ई२० हे ई१० पेक्षा जास्त पाणी पेलते हे आम्हालाही माहीत आहे, पण म्हणूनच मर्यादा ओलांडली की तळाशी उतरणारा थरही मोठा असतो : पाणी आणि इथेनॉल खाली, पेट्रोल वर. आणि गाडी इंधन घेते ते तळातूनच.

टू-स्ट्रोकमध्ये याचा परिणाम सगळ्यांत वाईट. येझदी किंवा जुन्या लॅम्ब्रेटाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थर फुटले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि कॉकमधून इंजिनात जाते ते जवळपास ऑइल नसलेले पाणीदार इथेनॉल. पिस्टन धरायला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसायला, वेळ लागत नाही. त्यात या गाड्यांच्या पेट्रोल कॉकमध्ये बुचाचे वायसर, ते आधीच गळायला लागलेले असतात.

चौथा मुद्दा उन्हाळ्याचा, थोडक्यात सांगतो. इथेनॉल मिसळले की इंधनाचा मोठा हिस्सा सत्तर-ऐंशी अंशांच्या अलीकडेच वाफ होऊ लागतो. नव्या गाडीचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि तीन बार किंवा त्याहून जास्त दाबाने इंधन ढकलतो. कुकरसारखेच आहे, दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते. जुन्या गाडीचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो आणि इंधन ओढतो, म्हणजे उलट दाब कमी करतो. मे महिन्यात खंबाटकी चढून वर थांबलेली अँबॅसेडर पुन्हा सुरू होत नाही, पंपावर ओले फडके टाकून वीस मिनिटे बसावे लागते. हे पूर्वीही व्हायचे. आता ते एप्रिलपासूनच आणि सपाटीवरही होते.

मायलेजचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळल्यावर सुमारे सात टक्के ऊर्जा कमी होते हे साधे गणित आहे, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई०, म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के फटका धरलेला होता. महिन्याला दीडशे किलोमीटर चालणाऱ्या पद्मिनीच्या मालकाला त्याने विशेष फरक पडत नाही. वर्तमानपत्रांत सगळी चर्चा मायलेजवरच झाली, आणि डायफ्राम, फ्लोट, व्हॉल्व्ह सीट या गोष्टी बाजूला पडल्या, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते.

त्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या वाहनांसाठी ई१० संरक्षक दर्जाचे इंधन म्हणून उपलब्ध राहण्याचा विचार मांडलेला होता. तो कधी आणि का सोडला, याचे उत्तर आम्हाला कुठे सापडलेले नाही.

ब्राझीलचे उदाहरण आम्हाला नेहमी दिले जाते. ते नीट बघायला हवे. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ मध्ये फियाटनेच तिथे निव्वळ इथेनॉलवर चालणारी १४७ बाजारात आणली. म्हणजे आधी गाडी त्या इंधनासाठी घडवली, मग तिच्यात ते भरले. त्याच फियाटची ११०० कुर्ल्यात बनत होती तेव्हा तिच्या आराखड्यात इथेनॉल कुणाच्या मनातही नव्हते. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आणले, पण सुपर दर्जाचे पेट्रोल पाच टक्क्यांवरच ठेवले आणि जुन्या गाडीवाल्यांना ते वापरा असे सांगितले. जर्मनीत ई५ आणि ई१० शेजारी शेजारी मिळतात.

आणि परदेशात कशाला जायचे? आपण स्वतः हे एकदा नीट केले आहे. १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी. शिसेवाले पेट्रोल देशभर पूर्ण बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडले. मधल्या काळात दोन्ही प्रकार मिळत होते, नळ्या वेगळ्या होत्या, पंपावरचा पोऱ्याही कुठली गाडी कुठल्या नळीची हे ओळखायचा. शिसे तर विष होते, तरी आपण लोकांना पाच वर्षे दिली.

एकच नळी का, दोन का नाहीत, यावर साठवणुकीची अडचण सांगितली जाते. इथेनॉल रिफायनरीत मिसळत नाही, डेपोत टँकर भरताना मिसळले जाते. म्हणजे कमी इथेनॉलचा एखादा टँकर भरायला नवा कारखाना लागत नाही, मात्रा बदलावी लागते. मोठ्या पंपांवर प्रीमियम पेट्रोलची वेगळी टाकी आणि वेगळी नळी आजही आहे. पण त्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असते, म्हणून ते घेऊन आमचे काम होत नाही. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते आणि भाव फार चढा. त्यातही ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन सात-आठच्या घरात आहे त्याला शंभर ऑक्टेनचा उपयोगच नाही. आम्हाला ऑक्टेन नको आहे, कमी इथेनॉल हवे आहे.

सोय नसल्यामुळे लोक काय करू लागले आहेत तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १०० मिलिलिटरच्या मापनळीत ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून हलवायचे, दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवायचे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. ई२० असेल तर तो पस्तीसच्या आसपास जातो. इथपर्यंत ठीक, ही नुसती तपासणी आहे. पण याच पद्धतीने काही जण घराच्या अंगणात वीस-वीस लिटर पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये धुवून इथेनॉल काढतात आणि उरलेले टाकीत भरतात. हे जिवावरचे काम आहे. वाफेने भडका उडू शकतो, उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, त्यात पाणी राहते आणि खालचे पाणी गटारात जाते. आम्ही भेटेल त्याला हे करू नका म्हणून सांगतो. पण मग काय करू, असे त्याने विचारले की आमच्याकडे द्यायला पत्ता नसतो.

आज आम्ही करतो आहोत ते एवढेच : बुचाच्या जागी जमेल तिथे व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरोइलास्टोमर रबराचे) वायसर, टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत फ्लोरोइलास्टोमर अस्तराचा पाइप आणि स्क्रूच्या क्लिपा, दिसेल अशा जागी काचेचा फिल्टर. तीन आठवड्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा, पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे आत हवा कमी. आणि गाडीत अग्निशामक, तो पायाशी, डिकीत नाही. हे सगळे करूनही कार्ब्युरेटरच्या जस्ताला आमच्याकडे इलाज नाही, आणि बिडाच्या व्हॉल्व्ह सीटला हेड उतरवण्यावाचून दुसरा नाही.

गाडी मोडीत काढा, असा सल्ला आम्हाला दिला जातो. मंत्रिमहोदय, या गाड्या बेकायदा नाहीत. पंधरा वर्षे झाली की आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरला जातो, पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले, तेही आम्ही भरतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी परिवहन मंत्रालयाने २०२१ मध्ये विंटेज नोंदणीची वेगळी व्यवस्था केली, त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क ठेवले. याचा अर्थ सरकार या गाड्यांना वारसा मानते. एक मंत्रालय गाडी जपण्याचा परवाना देते आणि दुसरे मंत्रालय तिला सोसणारे इंधन विकायचे थांबवते, यात मेळ घालणे हे आमच्या हातातले काम नाही, तुमच्या हातातले आहे.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक जिल्ह्यात किमान एका पंपावर, आणि मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत चार दिशांना चार पंपांवर, पाच टक्क्यांपर्यंत, अगदीच शक्य नसेल तर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले साध्या ऑक्टेनचे पेट्रोल मिळावे. ते महाग पडले तर महाग विका. अनुदान मागत नाही. पंपांची यादी जाहीर करा.

२. प्रत्येक नळीवर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, मोठ्या आकड्यात लिहा आणि बिलावरही छापा.

३. २००० पूर्वीच्या भारतीय बनावटीच्या गाड्यांचे कोणते भाग बदलायचे, ते कोणत्या रबराचे असावेत, याची मॉडेलनुसार यादी प्रसिद्ध करा. इंधन पाइप, डायफ्राम किट आणि नीडल व्हॉल्व्हच्या पाकिटावर सामग्रीचे नाव आणि मानक चिन्ह सक्तीचे करा.

४. जुन्या वाहनांवर ई२० च्या चाचण्या झाल्या असे सांगितले जाते. त्यांचे पूर्ण अहवाल खुले करा : कोणती मॉडेल, किती किलोमीटर, कार्ब्युरेटरवाल्या किती, दमट हवेत महिनोन्‌महिने उभी ठेवून तपासलेली एक तरी गाडी त्यात होती का. नसेल तर एआरएआयकडून तशी चाचणी करून घ्या. त्यासाठी पद्मिनी, अँबॅसेडर, येझदी आम्ही आमच्या देऊ.

५. वरच्या चार गोष्टी होईपर्यंत वीस टक्क्यांच्या पुढचे मिश्रण सर्व पंपांवर सक्तीने आणू नका.

या पत्राची प्रत केंद्रीय परिवहन मंत्रालयाला आणि राज्याच्या परिवहन आयुक्तांना पाठवत आहोत. पहिल्या मागणीवर या पावसाळ्याआधी निर्णय झाला तर चार महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टाक्या आम्हाला योग्य पेट्रोलने भरून ठेवता येतील. म्हणून उत्तर मेच्या आत द्यावे, ही विनंती.

आपले,
जुन्या गाड्या चालवणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांचे सुटे भाग पुरवणारे